दादा, तुमच्या त्या एका बटणाच्या पेडलसाठी

दादा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. गाणाऱ्याचं नाव पत्रिकेत येतं, निवेदक घेतो, पेपरातही छापून येतं. आवाजाच्या मिक्सरमागे उभ्या असलेल्या माणसाचं राहून जातं. नाशिकच्या कुसुमाग्रज स्मारकातल्या माझ्या ओव्यांना लोकांनी दाद दिली, त्यातली निम्मी तुमची आहे.

मी जात्यावरच्या ओव्या एकटीनं म्हणते. दिंडोरीकडच्या आमच्या बायका त्या दळताना म्हणायच्या. मंचावर दळायचं आणि गायचं, दोन्ही एकाच वेळी जमतं, पण मग चिपळ्या धरायला हात उरत नाही. लॅपटॉपवर आधी भरून आणलेली घरघर मला नको होती. जातं लोकांसमोर फिरावं आणि तोच आवाज पुढे चालत राहावा, एवढीच माझी इच्छा. ती ऐकून तुम्ही पंचवटीतल्या गोदामात गेलात आणि ते जुनं लूप पेडल घेऊन आलात. पायानं एकदा दाबलं की रेकॉर्डिंग, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा फिरू लागतो, पुन्हा दाबलं की त्यावर नवा थर. पडदा नाही, मेमरीचे कप्पे नाहीत. भाडं विचारलं तर तुम्ही विषयच बदललात.

पेडल गिटारसाठी बनलेलं, माइक थेट लावून त्यात पुरेसा आवाज जात नाही. तुम्ही जात्याजवळचा माइक मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून, म्हणजे आवाज बाहेरच्या यंत्राकडे धाडायच्या वेगळ्या वाटेनं, पेडलकडे पाठवलात, पातळी जपून, आवाज फाटणार नाही इतपतच. पेडलमधून येणारा आवाज वेगळ्या चॅनेलवर घेतलात आणि त्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर ठेवून वर कागदी टेप चिकटवलीत. तो उघडा राहिला तर पेडलचा आवाज फिरून पेडलमध्येच जातो आणि शिट्टी सुरू होते, हे तुम्ही मला शांतपणे समजावलंत. माझ्या गळ्याचा माइक या वाटेवर ठेवलाच नाहीत. म्हणून ओवी एकदाच ऐकू आली, ताजी.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या आवाजाच्या कुंदपणाचं आहे. तुम्ही सांगितलंत, की सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाच्या नोंदी, घेतलेले असतात, म्हणून साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात मावतं. अशा जुन्या पेडलमध्ये नमुने चौथाईवर आणले, म्हणजे ११,०२५ केले, तर तेवढ्याच मेमरीत चौपट वेळ बसतो, मात्र साडेपाच हजार हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही. लाइन ६ कंपनीच्या १९९९ सालच्या हिरव्या डीएल४ पेडलमध्ये १४ सेकंदांचा लूप असायचा आणि निम्म्या वेगावर तो २८ सेकंदांचा व्हायचा, हे उदाहरणही तुमचंच. जात्याची घरघर खालच्या पट्टीतली, तिचं फारसं बिघडत नाही. चिपळ्यांची खणखण मात्र वरची, ती लूपमध्ये पत्र्यासारखी वाजते. तेव्हा घरघर पेडलला द्यायची आणि चिपळ्या हातात ठेवायच्या, असा निवाडा तुम्ही दिलात. मला तो निव्वळ तांत्रिक वाटत नाही, ते संगीताचं शहाणपण आहे. मागचा आवाज थोडा मळका असला की गळ्याला समोर मोकळी जागा मिळते. महागड्या, लखलखीत लूपरवर थरावर थर चढवणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत. त्यात गाणाराच सापडत नाही.

शेवटच्या गवळणीला ढोलकी होती, तिथे मला खरी धास्ती होती. जात्याचा खुंटा माझ्याकडे आला की पाय दाबायचा, एवढं अंगात बसलं होतं. पण ४ सेकंदांचा लूप नुसता ०.०५ सेकंदानं लांबला, तरी ढोलकीवाला आपल्याच लयीत राहिल्यास २० फेऱ्यांत दोघांमध्ये पुरा एक सेकंद पडतो. तुम्ही मंचावरचा एक मॉनिटर स्पीकर उचलून त्याच्या कानाशी ठेवलात आणि त्याला म्हणालात, “तू लूपला ऐक, लूप तुला ऐकणार नाही.” गवळण शेवटपर्यंत एका लयीत गेली.

चहाच्या वेळी तुम्ही गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांच्याबद्दल बोललात. १९७०च्या दशकात ही माणसं दोन टेप रेकॉर्डर शेजारी मांडून एकाची टेप दुसऱ्यातून नेत. पहिल्यावर भरलेला सूर थोड्या वेळानं दुसऱ्यावर वाजे आणि तिथून परत पहिल्याकडे जाई. असा लूप वाढत वाढत हळूहळू विरतो. तेव्हापासून मी घरघरीवर दुसरा थर टाकणं सोडलं आहे. एकच थर, आणि दोन ओव्यांच्या मध्ये तुम्ही त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळूच खाली घ्यावा, असं मनात आहे.

पेडल अजून माझ्याकडेच आहे. त्याला ९ व्होल्टचा, पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह असलेला स्वतंत्र अडॅप्टर घेतला, लाइटिंगच्या बोर्डावरून येणारी गुणगुण आता येत नाही. दिवाळीनंतर गंगापूर रोडलाच पुन्हा कार्यक्रम ठरतो आहे. तारीख पक्की करण्याआधी तुमची मोकळी संध्याकाळ कळवा, आणि या वेळी पत्रिकेत छापायला तुमचं पुरं नावही.

तुमची,
ओव्यावाली ताई