गाडी विकायची नाही, ओंकार

सातारा,
७ ऑक्टोबर २०२५

चि. ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, ती गाडी आता काढून टाक. डाउन पेमेंट मी भरतो, हप्ते मी भरतो, तू फक्त रंग सांग." मी "बघू" म्हटलं आणि ईराशी बोलायला लागले. तुला वाटलं असेल, आईला संकोच वाटला. तसं नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं आणि का नाही, तेही सांगायचं होतं. ते फोनवर जमलं नसतं. काल कोजागिरीचं दूध आटवताना मनात सगळं जुळवलं आणि आज लिहायला बसले.

डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली, त्याची बातमी पेपरात आली होती. मी बावीस वर्षांची होते, डी.एड. होऊन ऑर्डरची वाट बघत घरी बसलेली. तुझ्या आजोबांनी किंमत मोठ्याने वाचून दाखवली, पन्नास हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी झेडपीत लागले तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला होता. पगारातली एक पै खर्च केली नाही, तरी ती गाडी घ्यायला पाच वर्षं लागणार होती. तो विषय तिथेच मिटला. मग लग्न झालं, तू झालास, घराचं कर्ज झालं.

२०१९ मध्ये रिटायर झाले आणि तीच मारुती ८०० मी ४२ हजारांना घेतली. २००४ चं मॉडेल, पांढरी, बिनएसीची, एमएच-११. पस्तीस वर्षांनी, आणि त्या पहिल्या किमतीपेक्षाही कमी पैशांत! तू तेव्हा ऑनसाइट होतास, तुला फोटो पाठवला तर तू अंगठा पाठवलास. तुला सांगितलं नव्हतं, पण आरसी बुकावर माझं नाव बघून मी ते बुक दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. घर बाबांच्या नावावर, चेतक बाबांच्या नावावर, फोनचं कनेक्शनसुद्धा त्यांच्याच नावावर. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण माझ्या नावावरची पहिली मोठी वस्तू ही गाडी आहे, हे तुला माहीत असावं.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात चांगली वस्तू वापरायची नाही, जपायची, अशी रीत होती. तुला ते दिवस आठवतात. निळ्या नक्षीच्या कपबश्या शोकेसमध्ये, पाहुणे आले की काढायच्या, धुऊन पुन्हा शोकेसमध्ये. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर आणि कव्हरवर जुनी चादर. माझी पैठणी मी आयुष्यात सात-आठ वेळा नेसले असेन. नेसले तेव्हाही मांडीवर रुमाल पसरून जेवले. कष्टाने घेतलेलं होतं, त्यामुळे त्याला काही झालं तर पुन्हा होणार नाही ही धास्ती कायम असायची. मी त्या दिवसांना नावं ठेवत नाही. परिस्थितीच तशी होती.

मागच्या दिवाळीत मी तुझ्याकडे आले तेव्हाची गोष्ट सांगू का? तुझ्या गाडीतून उतरताना लाडवांच्या स्टीलच्या डब्याची कडी दाराला घासली. बोटभर रेघ उठली. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. पण डबा आत ठेवून परत बाहेर आलास आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवलास, एकदा, मग पुन्हा एकदा. मी गॅलरीतून बघत होते. तुझा राग आला नाही मला, पोटात तुटलं. सात वर्षांचे हप्ते त्या अंगठ्यात होते. तुझा चेहरा अगदी बाबा चेतक पुसताना दिसायचे तसा दिसत होता.

आता माझ्या गाडीचं ऐक. जानेवारीत कोरेगावच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली वळत होती. बाहेर आलेल्या उसाच्या टिपऱ्यांनी माझ्या मागच्या दारावर चांगली हातभर ओरखड्यांची नक्षी काढली. ट्रॅक्टरवरचा मुलगा विशीचाही नसेल. खाली उतरला तो घाबराघुबरा, हात जोडूनच. मी काच खाली करून म्हटलं, "जा बाळा, काही झालं नाही." आणि ओंकार, खरंच काही झालं नव्हतं! मनात दुखलं नाही, घरी येईपर्यंत आठवलंही नाही. बाबांनीच दुसऱ्या दिवशी विचारलं, हे कशाने झालं म्हणून. त्या पोराने जाता जाता मला उसाची दोन कांडी दिली. चौसष्ट वर्षांत असं हलकं मला फार थोड्या वेळा वाटलं आहे. ही वस्तू माझी आहे, रोजच्या वापरातली आहे आणि तिच्यासाठी मी घाबरत नाही. नव्या गाडीत मला हे कुठून मिळणार?

चालवण्यातली गंमत वेगळीच. तू हसू नकोस, पण सकाळी किल्ली फिरवली की तिन्ही सिलिंडर एकेक करून जागे झाल्यासारखे वाटतात. पहिल्या मिनिटात स्टिअरिंग हाताला बारीक थरथर देतं, मग इंजिन शांत होतं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक वळवायला जोर लागतो. म्हणून मी आधी गाडी जराशी सरकू देते आणि मग वळवते. हे मला कोणी शिकवलं नाही, हातांनीच शोधलं. रस्ता ओला आहे की खडीचा, ते कानाला आणि तळव्याला कळतं. क्लच कुठे उचलतो ते पायाला पाठ आहे. केबल ढिली झाली की मेस्त्रींच्या आधी मला कळतं. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, पण गाडीच वजनाला एवढी कमी की पोवई नाक्याच्या गर्दीतूनही ती अंगातल्या कपड्यासारखी वळते. राजवाड्याजवळ मंडईत गेलं की मोठ्या गाड्या जागा शोधत घिरट्या घालतात. मी दोन स्कूटरमधल्या फटीत लावून, भाजी घेऊन, परतही आलेली असते.

तुझ्या गाडीत मी एकदा बसले होते ड्रायव्हरच्या जागी, आठवतं? पट्टा लाव म्हणून एक आवाज, मागे कोणी आहे म्हणून दुसरा, लाइन सोडली म्हणून तिसरा. ते सगळं भल्यासाठीच आहे, मला मान्य आहे. पण मला गाडीचं ऐकायला आवडतं आणि त्या आवाजांत ती ऐकूच आली नाही.

आणि थांबण्याचं सुख! कोरेगावकडच्या शाळेत मी अकरा वर्षं एसटीने जात होते. रोज जाताना-येताना संगम माहुली लागायची. कृष्णेच्या पुलावरून गाडी जाताना देवळांचे कळस दिसायचे, मोजून अर्धा मिनिट. चौथीच्या पोरांना रामशास्त्री प्रभुण्यांचा धडा शिकवायचे, ते माहुलीचे म्हणून सांगायचे आणि स्वतः मात्र त्या गावात कधी उतरले नव्हते. उतरलं असतं तर पुढची एसटी कधी, आणि शाळेत खाडा. लायसन मिळाल्यावर एकटी पहिल्यांदा गेले ती माहुलीलाच. जेमतेम पाच किलोमीटर. झाडाखाली गाडी लावली, घाटाच्या पायऱ्यांवर बसले. वेण्णेचं पाणी कृष्णेत मिसळतं तिथे मुलं पोहत होती. दीड तास बसले. कोणाची वाट बघायची नव्हती आणि माझी वाटही कोणी बघत नव्हतं. त्यानंतर लिंबची बारामोटेची विहीर झाली, औंधचं म्युझियम झालं, यमाईचा डोंगर झाला. औंधच्या म्युझियममधून मला ओढून बाहेर काढावं लागतं असं बाबा म्हणतात. ते आता माझ्या शेजारी बसतात, थर्मास मांडीवर घेऊन. त्यांचे गुडघे गेल्यापासून त्यांना बाहेर काढणारी हीच.

आता ऑगस्टमधलं सांगते. तेव्हा तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आम्ही कासला निघालो होतो. यवतेश्वरचा घाट, पावसाची भुरभुर, पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, सगळं पहिल्या गिअरमध्ये. माझं लक्ष सवयीने टेंपरेचरच्या काट्याकडे गेलं. काटा रोजच्या जागेवरून वर सरकला होता. मी कडेला जागा बघून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गरम असताना ते उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं. गाडी पळत असली की वाऱ्यानेच रेडिएटर थंड राहतो. रांगेत अडकली की मात्र सगळी भिस्त पंख्यावर. मी थांबवायच्या आधी तो पंखा फिरल्याचा आवाजच आला नव्हता. मग स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी उघडली. एकेक फ्यूज काढून उजेडात धरून पाहिला. तिसऱ्याची आतली तार मधोमध तुटलेली होती. बाबांनी छत्री धरली, मी डॅशबोर्डच्या खणातला नवीन फ्यूज बसवला. अर्ध्या तासाने इंजिन निवलं, पाण्याची पातळी बघितली आणि गाडी चालू केली. थोड्या वेळाने पंखा घुर्र करून फिरला तेव्हा मी आणि बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पुढे गेलो नाही, सावकाश घरी आलो. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींना दाखवलं. पंख्याची एक वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती, ती त्यांनी बदलली. एकूण खर्च साडेतीनशे रुपये.

हे सगळं मला त्यांच्या गॅरेजमधल्या स्टुलावर बसून कळलं. मी पोरांना आयुष्यभर "का ते विचारा" म्हणत आले आणि साठीत मला ते विचारायला मिळालं. ते पण कंटाळत नाहीत. प्लग काढून माझ्या हातात देतात, म्हणतात, "मॅडम, रंग बघा, विटकरी आहे म्हणजे पोटात सगळं ठीक." पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यावर त्यांनीच पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलून घ्यायला लावले.

तुझी खरी काळजी सुरक्षिततेची आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. जोराची धडक झाली तर ती नव्या गाडीइतकं वाचवणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी ती हायवेला नेत नाही. अंधार पडल्यावर काढत नाही. पन्नासच्या वर जात नाही. ब्रेक दर सहा महिन्यांनी बघून घेते. चारही टायर दोन वर्षांपूर्वीचे आहेत, पायाखालचा गंजलेला पत्रा वेल्डिंग करून घेतला आहे. पुण्याला यायचं तर एसटी आहेच, त्यात आता बायकांना अर्धं तिकीट. ईराला या गाडीत बसवून मी गावातल्या गावातच फिरवीन, त्यापलीकडे नाही. हा माझा शब्द.

गेल्या वर्षी एक गमतीचा योग आला. माझं लायसन पाच वर्षांचं होतं आणि तिचं पासिंगही पाच वर्षांचं, दोन्ही २०२४ मध्ये एकदमच संपलं. एकाच आठवड्यात डॉक्टरांनी माझे डोळे तपासले आणि आरटीओत तिचे हेडलाइट तपासले. तिची फी पाच हजार, वर पर्यावरण कर. तू म्हणशील, एवढ्या जुन्या गाडीवर एवढे पैसे. पण थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आहे, महिन्याला जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटर फिरणं आहे आणि लिटरला सतरा-अठराचं अ‍ॅव्हरेज ती अजून देते. तू भरणार म्हणतोस त्या एका हप्त्यात माझी ही वर्षभर चालते. पीयूसी वेळेवर असते. परवाना दोघींनाही २०२९ पर्यंत आहे. तेव्हा पुन्हा डोळे तपासू. डॉक्टर नको म्हणाले तर मी आपणहून किल्ली ठेवीन, तुला सांगावं लागणार नाही.

ते डाउन पेमेंटचे पैसे तू हप्ते लवकर फेडायला वापर. सायलीलाही हे पत्र वाचायला दे.

दिवाळीला येताय तेव्हा एक काम कर. नाना पेठेत जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात, तिथून डाव्या बाजूच्या दाराचं काच खाली-वर करायचं हँडल आण. मे महिन्यात ईराने ते दिवसभर फिरवून फिरवून आतले दाते घालवले. सध्या मी पकडीने काच फिरवते. इथे मेस्त्री मिळवून देतो म्हणाले होते, पण मी थांबवलं. तिने स्वतः निवडून आणलं तर तिला आवडेल. काळंच हवं, राखाडी नको. आणि बसवताना तिला स्क्रू धरायला देऊ.

तुझी,
आई

ता. क. चकल्या पाठवते आहे, या वेळी प्लास्टिकच्या डब्यात.