न कळवता बदललेली चंदी आणि घोड्यांना वारंवार होणारा पोटशूळ: लेखी तक्रार

प्रति,
गुणवत्ता नियंत्रण प्रमुख आणि ग्राहक तक्रार विभाग

विषय: घोड्यांच्या पेलेट (दाबून गोळी केलेल्या) चंदीच्या नव्या लॉटमधील घटकबदल, ओलावा आणि गोणीवरील चुकीचा मात्रातक्ता

महोदय,

मागच्या पुरवठ्यात आलेल्या आपल्या चंदीची गोणी तीच होती, लेबल तेच होते, आतला माल मात्र वेगळा होता. तो लॉट सुरू केल्यापासून तीन आठवड्यांत दहापैकी पाच घोड्यांना मिळून आठ वेळा पोटशूळ झाला. जुन्या लॉटच्या उरलेल्या गोण्यांवर ठेवलेल्या चार घोड्यांना काहीच झाले नाही. चार घोड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे आम्हालाही कळते, म्हणून माल प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि अहवाल हाती आल्यावरच हे पत्र लिहीत आहोत.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले, "दात बघा, जंत बघा, पाणी बघा, चंदीला दोष देऊ नका." हा क्रम बरोबरच आहे आणि तो आम्ही आधीच पार पाडला होता. सर्व घोड्यांचे दात कानशीने घासून झालेले आहेत. दाढांना धारदार टोके नाहीत. लिदीतील जंतांच्या अंड्यांची मोजणी केली. पट्टकृमी त्या मोजणीत सहसा सापडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल वेगळे दिलेले आहे. पोटात वाळू साचली आहे का हे पाहण्यासाठी, जमिनीला लागलेली लीद टाळून वरून उचललेले सहा गोळे पारदर्शक पिशवीत एक लिटर पाण्यात कालवून वीस मिनिटे टांगून ठेवले. तळाशी वाळू बसली नाही. पाणी बादलीने मोजून दिले जाते आणि प्रत्येक घोडा दिवसाला ३० ते ४० लिटर पितो. गवत त्याच गंजीचे आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गवताची खेप बदलली की पुढच्या दोन आठवड्यांत पोटशूळ वाढतो आणि दोष मात्र चंदीवर येतो. इथे तसे झालेले नाही. ४५० किलोच्या घोड्याला रोज ९ किलो वाळके गवत मिळते. त्यातला कोरडा भाग वजनाच्या सुमारे १.८ टक्के होतो. किमान मर्यादा १.५ टक्के आहे. काम, मोकळे फिरणे, मोतद्दार, वेळा, सगळे पूर्वीचेच. बदलला तो फक्त लॉट.

नमुना कसा घेतला तेही सांगतो, नाहीतर आक्षेप तिथूनच सुरू होतो. न उघडलेल्या दहा गोण्यांमधून नमुना काढायच्या सळीने वर, मध्ये आणि खाली असे भाग घेतले, एकत्र करून चार वाटे पाडले, समोरासमोरचे दोन ठेवून पुन्हा मिसळले आणि शेवटी ५०० ग्रॅमचे तीन नमुने साक्षीदारांसमोर सीलबंद केले. एक प्रयोगशाळेला गेला, एक आपल्यासाठी राखून ठेवला आहे, तिसरा आमच्याकडे शीतपेटीत आहे. जुन्या लॉटचाही नमुना याच पद्धतीने काढला.

दोन्ही लॉटमध्ये प्रथिने, स्निग्धांश आणि तंतू लेबलप्रमाणेच भरले. फरक लेबल ज्याबद्दल गप्प आहे तिथे निघाला. जुन्या लॉटमध्ये स्टार्च २४ टक्के होता, नव्यात ३६ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्यात ओट ठळक दिसतो, नव्यात बहुतेक मका. घटकांच्या यादीत दोन्ही गोण्यांवर एकच ओळ छापलेली आहे: "धान्ये व त्यांची उपउत्पादने". या एका ओळीखाली काहीही घालता येते.

आमची मात्रा ४५० किलोच्या घोड्याला १.८ किलो, दिवसातून दोनदा. एका वेळच्या चंदीतून स्टार्च वजनाच्या प्रतिकिलो १ ग्रॅमच्या आत राहावा, म्हणजे या घोड्याला ४५० ग्रॅमच्या आत, हा त्यामागचा हिशेब. जुन्या लॉटमध्ये १.८ किलोतून ४३२ ग्रॅम जात होता. नव्या लॉटमध्ये त्याच तराजूवर, त्याच तोबऱ्यातून ६४८ ग्रॅम गेला, म्हणजे प्रतिकिलो १.४४ ग्रॅम. दिवसाची बेरीज ८६४ ग्रॅमवरून १,२९६ ग्रॅमवर गेली. दिवसाला प्रतिकिलो २ ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च जठरातल्या व्रणांची जोखीम वाढवतो. आमचे घोडे १.९ वरून २.९ वर गेले आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

त्यातही धान्य कोणते याला महत्त्व आहे. ओटचा स्टार्च लहान आतड्यात बहुतांश पचतो. मक्याचा कण कठीण असतो. नुसता भरडून गोळी केली तर त्याचा मोठा भाग न पचता अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात पोहोचतो. उच्च दाब-उष्णतेने फुलवलेला मका चांगला पचतो, पण साध्या पेलेट यंत्राच्या वाफेने ते काम पुरेसे होत नाही. पुढे गेलेल्या स्टार्चवर जिवाणू तुटून पडतात, लॅक्टिक आम्ल आणि वायू तयार होतो, आम्लता वाढली की तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. आधी लीद पातळ आणि आंबूस होते, मग पोट फुगते. मोठे आतडे पोटात बरेचसे सैल लटकलेले असते, त्यामुळे वायूने फुगलेला भाग जागा सोडून वर तरंगतो. आठपैकी एका प्रसंगात डॉक्टरांना गुदमार्गे तपासताना डावे मोठे आतडे प्लीहा आणि मूत्रपिंडाच्या मध्ये अडकलेले लागले. सहा प्रसंगांत नाडी मिनिटाला ४८ ते ५६ होती, दोनमध्ये ६४. निरोगी घोड्याची विश्रांतीतली नाडी २८ ते ४४ असते. उरलेली जोखीम खुरांची: अशाच आम्लतेतून लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दाह) होतो. म्हणून आम्ही अजूनही रोज दोनदा खुरांची उष्णता आणि घोट्यामागची नाडी हाताने पाहतो आहोत.

हा बदल कळवला असता तर काय केले असते? जुनी आणि नवी चंदी मिसळून दहा ते चौदा दिवसांत हळूहळू बदलली असती: पहिले तीन-चार दिवस पाव भाग नवी, मग निम्मी, मग पाऊण. एका वेळची मात्रा १.२५ किलोवर आणली असती, कारण ३६ टक्क्यांना ४५० ग्रॅमची मर्यादा तिथेच संपते. लागणारी उरलेली ऊर्जा तिसऱ्या वेळेत किंवा तेलातून भागवली असती. यातले काहीच अवघड नव्हते. एक चिठ्ठी पुरली असती.

आता गोणीच्या पाठीवरच्या तक्त्याबद्दल. तो म्हणतो, ४५० किलोच्या कामाच्या घोड्याला ५ किलो, दोन वेळांत. म्हणजे एका वेळी २.५ किलो. जुन्या लॉटमध्येसुद्धा हा ६०० ग्रॅम स्टार्च, नव्यात ९०० ग्रॅम, प्रतिकिलो तब्बल २ ग्रॅम. घोड्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरचे आणि त्याला उलटी करता येत नाही. जास्त झालेले वर येऊन सुटका होत नाही. तक्ता छापणाऱ्याने हा साधा गुणाकार केलेला दिसत नाही. शिवाय नवी गोळी जास्त घट्ट आहे. आमच्याकडे तराजू आहे म्हणून हे लक्षात आले: ज्या मापात जुनी चंदी १.८ किलो बसायची त्यात नवी २ किलोच्या वर बसते. मापाने चंदी घालणाऱ्या आपल्या इतर ग्राहकांचे घोडे स्टार्च आणि वजन दोन्ही बाजूंनी जास्त खात आहेत.

दुसरा दोष ओलाव्याचा. लेबलवर कमाल ११ टक्के लिहिले आहे. गोणीनिहाय वेगळे तपासलेल्या नमुन्यांपैकी चार गोण्यांत तो १४ टक्क्यांच्या वर भरला. शिवणीलगत गोळ्यांचे ढेकूळ झालेले आहेत आणि आतल्या बाजूला राखाडी बुरशी आहे. आमचे कोठार कोरडे आहे, गोण्या लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर आहेत, आणि शेजारी ठेवलेल्या जुन्या लॉटला काही झालेले नाही. ढेकूळ फक्त वरच्या टोकाला असणे ही गोळी गरम असताना भरल्याची खूण वाटते. साच्यातून गोळी ७० ते ८५ अंशांना बाहेर पडते. थंड करणाऱ्या यंत्रात ती हवेच्या तापमानाच्या पाच-एक अंशांत आली नाही तर गोणीत वाफ वर चढते आणि शिवणीखाली तिचे पाणी होऊन साचते. बुरशीचा भाग काढून बाकीचे घोड्यांना घालावे, असे आपले प्रतिनिधी म्हणाले. बुरशीचे विष डोळ्यांना दिसणाऱ्या बुरशीपुरते थांबत नाही आणि मक्यावरच्या फ्युमोनिसिनने घोड्याचा मेंदू सडतो, हे त्यांना माहीत असायला हवे. मक्याचे प्रमाण वाढवलेल्या लॉटचा फ्युमोनिसिन आणि अफ्लाटॉक्सिन (दोन्ही बुरशीची विषे) यांचा अहवाल आम्ही आपल्याकडून मागतो आहोत.

तिसरी गोष्ट आरोप नाही, प्रश्न आहे, पण उत्तर याच पत्राला हवे. याच यंत्रावर कोंबड्यांचे किंवा गुरांचे मोनेन्सिनयुक्त (मोनेन्सिन म्हणजे त्यांच्या खाद्यात घालतात ते औषध) खाद्य बनते का? घोड्याला मोनेन्सिनची प्राणघातक मात्रा प्रतिकिलो २ ते ३ मिलिग्रॅम इतकी थोडी आहे. ४५० किलोच्या घोड्याला साधारण ९०० मिलिग्रॅमपासून जिवावर बेतते. त्याहून कमी मात्रेने घोडा वाचला तरी हृदयाचा स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो. सुरुवातीला घाम, अस्वस्थता, चंदी नाकारणे, म्हणजे वरवर पोटशूळच दिसतो. आमच्या घोड्यांचे लघवीचे रंग आणि स्नायूंची एन्झाइमे डॉक्टरांनी तपासली, ती ठीक आहेत. तरीही यंत्र बदलताना मधे कोणता माल फिरवून नळ्या धुतल्या जातात आणि त्याची नोंद कुठे ठेवली जाते, हे लेखी हवे.

प्रतिनिधींच्या सल्ल्यातल्या दोन गोष्टी आपल्या कार्यालयातून पुन्हा कोणाला सांगितल्या जाऊ नयेत. एक, "आठवड्यातून एकदा गव्हाच्या कोंड्याची गरम लापशी द्या, पोट साफ राहते." आठवड्यातून एकदाच दिलेला कोंडा म्हणजे दर आठवड्याला एक अचानक खाद्यबदल, आणि रोज दिला तर कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-नऊ पट फॉस्फरस असल्याने हाडांचे नुकसान. दोन, "फ्लुनिक्सिन टोचा आणि फिरवत राहा, कमी नाही झाले तर पुन्हा टोचा." हे वेदनाशामक औषध शिरेतून, प्रतिकिलो १.१ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्यायचे असते. स्नायूत दिले तर गळू आणि प्राणघातक संसर्ग होऊ शकतो. वेदना दबली की आतड्याला पीळ पडल्याचे लक्षात यायला उशीर होतो, आणि पीळ पडलेल्या आतड्यात तासांचाच हिशेब असतो. चंदी काढून घ्या, नाडी आणि हिरड्यांचा रंग लिहून ठेवा, लीद केव्हा पडली ते सांगा, डॉक्टरांना बोलवा: ग्राहकाला फोनवर एवढेच सांगावे.

आमच्या मागण्या अशा. या लॉटचा उरलेला माल आपल्या खर्चाने परत न्यावा, बदली माल नको, पैसे परत हवेत. आठही प्रसंगांचा वैद्यकीय खर्च, पावत्यांप्रमाणे. राखीव नमुना आपण स्वतःच्या आणि एका त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासून दोन्ही अहवाल आम्हाला द्यावेत. गोणीवर स्टार्चची टक्केवारी आणि धान्यांची नावे उतरत्या क्रमाने छापावीत आणि "धान्ये व त्यांची उपउत्पादने" ही ओळ काढावी. मिश्रण बदलले की गोणीवर रंगीत पट्टी लावावी आणि किती दिवसांत चंदी बदलायची ते त्यावरच लिहावे. मात्रातक्ता एका वेळच्या कमाल किलोत द्यावा. आणि या लॉटच्या इतर खरेदीदारांना आजच कळवावे; त्यांच्यातल्या कोणाकडे तराजू नसेल, प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची सोय नसेल, आणि घोड्याचे पोट का दुखते हे ते अजून गवतातच शोधत असतील.

उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावे. फोनवर दिलेले आश्वासन आम्ही नोंदीत धरणार नाही. त्यानंतर हाच अहवाल खाद्य नियंत्रण यंत्रणेकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाईल.

सोबत: दोन्ही लॉटचे प्रयोगशाळा अहवाल, नमुना काढल्याचा साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा, आठही प्रसंगांच्या नाडी, तापमान आणि लिदीच्या नोंदी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व पावत्या, गोणी आणि शिवणीची छायाचित्रे.

आपल्यासाठी राखलेला नमुना सील न तोडता ठेवलेला आहे. ओळखपत्र असलेला माणूस पाठवावा. सही घेऊन देऊ.

आपले,
तबेल्याचे व्यवस्थापन