पिकअप घेण्याआधी वजनाचा हिशेब

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जावईबापूंनी फोर्डची विजेवरची जुनी पिकअप, एफ-१५० लाइटनिंग, बघून ठेवलीय आणि येत्या उन्हाळ्यात तिच्यामागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात जायचा बेत आहे, असं तू परवा फोनवर म्हणालीस. माझा सगळा जन्म पिकअपच्या भाड्यांवर गेला, तुझं इंजिनिअरिंगही त्याच भाड्यांवर झालं. त्यामुळे या विषयात मला गप्प बसवत नाही. सविस्तर लिहितो, दोघांनी मिळून वाचा.

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगतो. भरल्या गाडीला चढावर जो जोर लागतो तो विजेच्या मोटरला जागच्या जागी मिळतो. डिझेलला त्यासाठी गिअर पाडावा लागतो. आवाज नाही, धूर नाही, इंजिन ऑइल नाही. मे २०२१ मध्ये फोर्डने ३९,९७४ डॉलर किंमत जाहीर केली तेव्हा नोंदणीला एवढी झुंबड उडाली की आकडा दोन लाखांच्या जवळ गेल्यावर कंपनीनेच नोंदणी थांबवली. पुढे काय झालं तेही बघ. कंत्राटदार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी म्हणून काढलेलं साधं प्रो मॉडेल २०२३ च्या वसंतात साठ हजारांच्या घरात पोचलं. ज्याचं पोट गाडीवर आहे तो तिथेच मागे सरला. २०२४ च्या सबंध वर्षात लाइटनिंग खपल्या साडेतेहतीस हजारांच्या आसपास, आणि फोर्डच्या एफ-सिरीज पिकअपच्या एकूण गाड्या सात लाखांच्या वर. डिसेंबर २०२५ मध्ये निव्वळ विजेवरची लाइटनिंग बंद करत असल्याचं फोर्डने सांगून टाकलं.

टेस्लाच्या सायबरट्रकचीही तीच कथा. २०१९ मध्ये सांगितली ३९,९०० डॉलरला, आणि २०२३ च्या अखेरीस लोकांच्या हातात पडली ती ऐंशी हजारांच्या पुढे. रिव्हियन कंपनीच्या विजेवरच्या पिकअपचा हौदा तर जेमतेम साडेचार फुटांचा. म्हणजे या गाड्या मुख्यतः कोणाकडे गेल्या? ज्यांचं स्वतःचं घर आहे, गॅरेजात चार्जर बसवता येतो आणि दारात दुसरी गाडी उभी आहे, अशांकडे.

ह्यूस्टनजवळ केटी गावी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये मी एकेका पिकअपचा हौदा बघत फिरलो होतो, तुला आठवत असेल. नव्या चकचकीत गाड्यांच्या हौद्यात ओरखडासुद्धा नव्हता. शिडीचा स्टँड लावलेल्या इलेक्ट्रिशियनच्या जुन्या पेट्रोल पिकअपचा फाळका मात्र चेपून चेपून वाकला होता. स्ट्रॅटेजिक व्हिजन नावाच्या संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या चारपैकी तीन पिकअपवाल्यांनी सांगितलं होतं की ते वर्षातून फार तर एकदा ट्रेलर ओढतात. हौसेने गाडी घेण्यात मला काही वावगं वाटत नाही. हौस असेल तर हौस म्हणून घ्या, तिचे पैसे वेगळे धरा. पण गरज म्हणून घेणार असाल तर गरजेचा हिशेब मांडा.

कॅम्परचाच मांडतो. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. एक गॅलन पेट्रोलमध्ये साधारण ३३.७ युनिटांची ताकद असते. म्हणजे एवढी मोठी बॅटरी भरली तरी पोटात चार गॅलनच आहेत. मोटर वीज वाया घालवत नाही म्हणून रिकामी गाडी तेवढ्यावर ३२० मैल जाते, हे तिचं कौतुकच. पण मागे कॅम्परची उभी भिंत लागली की सगळी ताकद वारा कापण्यात जाते आणि पल्ला निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. पेट्रोलच्या एफ-१५० चाही कमी होतो, पण तिची मोठी टाकी ३६ गॅलनची असते आणि भरायला पाच मिनिटं लागतात.

आता दीडशे मैल पल्ला धर. फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांच्या पुढे वीज फार हळू चढते, आणि अगदी रिकामी होईपर्यंत कोणी शहाणा गाडी चालवत नाही. म्हणजे हातात राहिले शंभरेक मैल. ह्यूस्टनहून बिग बेंड सहाशे मैलांच्या आसपास. दर शंभर मैलांनी पाऊण तास थांबायचं, तेही लहानग्याला घेऊन. शिवाय बहुतेक चार्जर पार्किंगच्या खाचेत तोंड घालून उभं राहण्याच्या बेताने बांधलेले असतात. मागे कॅम्पर असेल तर तो आडवा रस्त्यात राहतो. मग हुक सोडा, साखळ्या काढा, दिव्याची वायर काढा, कॅम्पर बाजूला लावा, चार्ज करा आणि पुन्हा सगळं जोडा. फोर्ट स्टॉकटन गाव सोडल्यावर उद्यानाच्या मुख्य ठाण्यापर्यंत सव्वाशे मैल आहेत. या सव्वाशे मैलांचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. टेक्सासच्या उन्हात, आडरानात, गाडीत पोर. नको.

जावईबापू दहा हजार पौंड ओढण्याचा आकडा सांगत होते. तो मोठी बॅटरी आणि ट्रेलर ओढण्याचं खास पॅकेज असलेल्या गाडीचा आहे. त्यांनी बघितलेल्या गाडीत ते आहे का? आणि ओढण्याचं वजन वेगळं, अंगावर घेण्याचं वेगळं. लाइटनिंग अंगावर जास्तीत जास्त २,२३५ पौंड घेते, म्हणजे एक टन. मोठ्या बॅटरीच्या गाडीत त्याहून कमी, कारण ती बॅटरी स्वतःच जवळजवळ टाटाच्या रिकाम्या छोट्या हत्ती टेम्पोच्या वजनाची आहे. त्यातच तुम्ही सगळे, सामान, आणि कॅम्परचा जो दाब हुकावर येतो तो धरायचा. हा दाब कॅम्परच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असतो. आपली बोलेरो पिकअप नऊ फुटांच्या हौद्यात १.७ टन घेते. तरी मी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितल्याशिवाय गाडी मार्केटमधून हलू देत नाही.

विजेची मालगाडी चालते कुठे, तेही सांगतो. पुण्यात टाटाची एस ईव्ही पार्सल आणि किराणा पोचवताना दिसते. २१.३ युनिटांची बॅटरी, सहाशे किलो माल. सकाळी चार्ज करून निघायचं, ठरलेल्या दुकानांना माल टाकायचा, रात्री परत त्याच जागी. तिला वाशीच्या भाड्याला कोणी पाठवत नाही. तुमच्याकडेही नगरपालिकेच्या माणसाला, रोज त्याच गावात फिरणाऱ्या सुताराला लाइटनिंग शोभते. हौद्यातल्या सॉकेटवर करवत चालते, जनरेटर ओढत न्यावा लागत नाही.

तुमच्या घरची एक गरज मात्र मला खरी वाटते. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ आलं, ह्यूस्टन भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आणि तू उकाड्यात बाळाला घेऊन मैत्रिणीच्या घरी जाऊन राहिलीस. तेव्हा तुझी आई इथे रात्रभर जागी होती. लाइटनिंग ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देऊ शकते. घर रोज तीस युनिट खात असेल तर मोठी बॅटरी तीन दिवस पुरेल, असं फोर्ड सांगतं. एसी जपून वापरलात तरच, हे माझं म्हणणं. आख्खं घर चालवायला वेगळी यंत्रणा आणि जाणकार इलेक्ट्रिशियन लागतो. नुसती गाडी दारात लावून भागणार नाही. तो खर्च गाडीच्या किमतीत आत्ताच मिळवा. सरकारी करसवलत ३० सप्टेंबर २०२५ लाच संपली, जुन्या गाडीवरचीसुद्धा. बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख मैल असते, त्यातली शिल्लक किती तेही विचारा.

तेव्हा माझं मत असं: रोजच्या ऑफिसला आणि वादळात घराला वीज म्हणून घेणार असाल, आणि एक पेट्रोलची गाडी विकून घेणार असाल, तर खुशाल घ्या. कॅम्परसाठी घेऊ नका. बिग बेंडला जाताना पेट्रोलचा पिकअप भाड्याने घ्या.

आणि पैसे देण्याआधी एक काम करा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. त्याचा फोटो आणि कॅम्परचं भरलेलं वजन मला पाठवा, मी बेरीज करून कळवतो. जावईबापूंना नमस्कार, लहानग्याला गोड पापा. आईने मेतकूट पाठवलंय.

तुझे,
बाबा