मागच्या जन्मी काय केलं होतं?

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "अजून टेकडीच्या गणपतीला जातोस का, आणि जात असशील तर कशासाठी?" एवढंच तू विचारलं होतंस. फुटाळा तलावाच्या काठावर आपण याच प्रश्नावर रात्रीच्या रात्री काढल्या, तेव्हा उत्तर एका वाक्यात देता यायचं. आता येत नाही, म्हणून उशीर झाला.

मे महिन्यात माझा भाचा आठ दिवस दवाखान्यात होता. त्याला सिकलसेल आहे हे तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांचं पोर. पारा 45 च्या वर, शाळेला सुट्ट्या, दुपारभर उन्हात क्रिकेट, पाणी प्यायचं भान नाही. रात्री उमरेडहून गाडी करून आणला तेव्हा दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. या आजारात तांबडी पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक नसांमध्ये अडकून बसते. पुढे रक्त जात नाही. दुखणं हाडाच्या आत असतं, वरून चोळून फारसं काही होत नाही. तरी मी चोळत होतो. ओरडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. टॉवेलचं टोक दातात धरलं होतं, सकाळी पाहिलं तर तिथला धागा न् धागा सुटला होता.

दुसऱ्या रात्री नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. प्रेमळ बाई. बहिणीसाठी डबा आणला, समोर बसवून तिला जेवायला लावलं. निघताना पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मागल्या जन्माचं काही देणं असंल लेकराचं, ते फिटून राह्यलं." पोर झोपलंय असंच सगळ्यांना वाटत होतं. ते जागं होतं. पहाटे तीनच्या सुमारास कूलरच्या आवाजात त्याने मला हळूच विचारलं, "मामा, काय केलं होतं गा मी मागच्या जन्मी?"

मित्रा, देव आहे की नाही या प्रश्नाने मला कधी इतकं निरुत्तर केलं नव्हतं.

तुझ्या नादाने वाचलेलं सगळं त्या खुर्चीत बसून आठवत होतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हीच शंका आहे: जगात एक सुखी, एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय नाही का? शंकराचार्य म्हणतात, नाही, कारण तो जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. पावसाचा दृष्टांत आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, एकीकडे भात आणि एकीकडे जव उगवतो तो बियाण्यातल्या फरकाने. मग पुढची शंका येते: सृष्टीच्या आरंभी तर कोणाचंच कर्म नव्हतं, पहिला फरक कुठून आला? उत्तर असं की संसाराला आरंभच नाही, तो अनादी आहे. कॉलेजात असताना हे उत्तर मला फार देखणं वाटायचं. एक कडी मागच्या कडीत, ती तिच्या मागच्या कडीत, कुठे फट म्हणून नाही. त्या रात्री मला त्यात एकच दिसलं: ही साखळी कितीही मागे नेली तरी तिचं शेवटचं टोक त्या खाटेवरच्या पोराच्या हातात येतं. देव निर्दोष सुटतो आणि पोर गुन्हेगार ठरतं.

तुझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्याच गावात दीक्षा घेतली. ती गोष्ट तू सांगायचास तेव्हा माझं लक्ष 22 प्रतिज्ञांमधल्या देवांच्या नावांकडेच असायचं. कोणते देव नाकारले, एवढंच. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या माघारी निघाला. त्यात ते मागच्या जन्माच्या कर्मावरही थेट बोट ठेवतात: गरिबाच्या, दुबळ्याच्या हलाखीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू काय असणार? हे मी वीस वर्षांपूर्वी वाचलं होतं. कळलं यंदा मे महिन्यात.

कारण जबाबदारी झटकणारा मीच होतो. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी लॅबमध्ये नोकरीला लागलो होतो. दिवसभर परक्यांच्या रक्ताची सिकलिंग टेस्ट करायचो आणि संध्याकाळी घरी येऊन कुंडल्यांची चर्चा ऐकायचो. 36 पैकी 27 गुण जुळले म्हणून पेढे वाटले. दोघांच्या बोटातून एकेक थेंब काढू, असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. विदर्भात हा आजार किती आहे ते मला रोज काचेवर दिसत होतं. वाहकाकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्याला स्वतःला सहसा त्रास नसतो म्हणून पत्ता नसतो, आणि दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 4 पैकी 1, हे मला पाठ होतं. बोललो नाही. शुभकार्यात अपशकुन नको, एवढंच कारण. मागचा जन्म उकरायची गरजच नव्हती रे. हिशेब याच जन्मातला होता आणि पोराचा नव्हता.

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. ज्या जनुकाच्या दोन प्रती माझ्या भाच्याला पिळून काढतात, त्याची एकच प्रत असली तर मलेरियापासून बराच बचाव होतो. आपल्याकडच्या जंगलमुलखात ज्वराने लेकरं मरत तेव्हा आमचा कोणी पूर्वज याच्याच जोरावर तगला असेल. म्हणजे हा शाप नाही, शिक्षाही नाही. पण ही योजना कोणा दयाळू कर्त्याची आहे असंही माझ्याने म्हणवत नाही. एका लेकराला वाचवायची किंमत दुसऱ्या लेकराच्या हाडांतून वसूल करणाऱ्या माणसाला आपण क्षमा केली नसती.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिची आई माझ्या बहिणीइतकंच मागत होती. बहिणीने ताजबागच्या दर्ग्यात दोरा बांधला, टेकडीला नवस बोलली. त्या बाईनेही काही कमी केलं नसेल. ती मुलगी घरी गेली नाही. "देवानं वाचवलं" असं आम्हाला येऊन जो तो म्हणतो, तेव्हा मला ती आई आठवते. ते वाक्य तिच्यासमोर म्हणता येणार नाही, म्हणून मी ते कुठेच म्हणत नाही.

तरीही मी टेकडीला जातो. बहिणीला नवस फेडायला मीच घेऊन गेलो आणि हात जोडून उभा राहिलो. हे दाखवायला नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे पोराच्या मुठी सुटल्या, तो झोपला, आणि माझ्या तोंडून "देवा" निघालं. ऐकणारा कोणी आहे म्हणून नाही निघालं. एवढं मोठं काही मिळालं आणि आभार कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून निघालं. तू याला सवय म्हणशील. असेल. पण हिशेब ठेवणारा देव माझ्यापुरता संपला, आणि ही ओढ मात्र संपली नाही. दोन्ही खरं आहे. यांचा मेळ घालायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

पोराला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. घरी सोडायच्या आधी त्याला लॅबमध्ये नेलं. त्याच्याच रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, प्राणवायू काढून घेणारं मेटाबायसल्फाइट घातलं, कव्हरस्लिपच्या कडा बंद केल्या. तासाभराने त्याला स्टुलावर चढवून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. म्हटलं, तू काही केलं नव्हतंस, हे बघ काय होतं ते. तो कितीतरी वेळ एक डोळा मिटून बघत होता.

"वाकडे आहेत ते माझे?"

"हो."

"अन् हे गोल?"

"तुला रक्त चढवलं ना, त्या माणसाचे."

"कोण होता?"

"ते कळत नसतं."

"त्याला तरी माहीत आहे का, मला दिलं म्हणून?"

"नाही."

त्याने परत डोळा लावला. आता उमरेडहून फोन आला की तो दर वेळी विचारतो, तो माणूस सापडला का.

ऑक्टोबरात ये. तुझ्या आजोबांची गोष्ट आणि बाण कोणी मारला हे विचारत बसलेल्या जखमी माणसाची बुद्धाची गोष्ट त्याला तुझ्या तोंडून ऐकायची आहे. मी सांगितली तर शंभर प्रश्न विचारतो. दीक्षाभूमीवर गर्दी ओसरल्यावर जाऊ, त्याला फार वेळ उभं राहवत नाही. पाण्याच्या बाटल्या मी घेतो.

तुझाच