सूचना: सायकलस्वाराला धडकून पळून जाणाऱ्या चालकांबाबत

सर्व सदस्यांना नमस्कार.

धडक बसली, चालक न थांबता निघून गेला, तर 'नशीब, जीव वाचला' म्हणून गप्प बसू नका. धडक कोणाच्याही चुकीने झालेली असो, अपघातस्थळ सोडून पळणे हा बहुतेक देशांत वेगळा गुन्हा आहे. दंड, परवाना रद्द होणे, कोणी जखमी झाले असल्यास तुरुंगवासही होऊ शकतो. रस्ते वाहतुकीवरील १९६८ च्या व्हिएन्ना करारातही हेच कर्तव्य सांगितले आहे: थांबा, मागितल्यास ओळख द्या, जखमी असल्यास पोलिसांना कळवा.

त्यामुळे तक्रार त्याच दिवशी करा. गाडीचा क्रमांक अर्धवट आठवत असला तरी लिहून ठेवा. रंग आणि दिशाही. आसपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण लगेच मागा, कारण काही दिवसांत ते पुसले जाते. सायकल दुरुस्तीला टाकण्याआधी फोटो काढा. तिच्यावर लागलेला गाडीचा रंग किंवा आरशाची काच हाच पुरावा ठरू शकतो. दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवा, नोंद राहते.

आपल्यापैकी अनेकजण गाडीही चालवतात. घाबरून निघून गेला असाल, तर आजच पोलिसांकडे जा.