ठिपके कुणाचे?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत ‘सोपी ऑस्ट्रेलियन आदिवासी कला’ शिकवली होती. काळा कागद, इअरबडने ठिपके, मधोमध कांगारू. मी चित्रकला शिकवते आणि उन्हाळी शिबिरांत मीही वर्षानुवर्षं हेच करून घेतलं, त्यामुळे दोष एकट्या पुरवणीला देत नाही.

पण तिकडची मुलं असं शिकत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला वाळवंटी मुलखात मिमिली नावाची वस्ती आहे. तिथल्या बेट्टी कुंटिवा पुमानी या चित्रकर्तीने अंतारा ही एकच जागा पुन्हा पुन्हा रंगवली. ती तिच्या आईची जागा. तिथल्या खडकातल्या पाणवठ्यापाशी बाया अंगाला गेरू माखून नाचत, माकू उदंड व्हावेत म्हणून. माकू म्हणजे झुडपांच्या मुळांत सापडणाऱ्या, खाण्याच्या पांढऱ्या अळ्या. आईनेही अंतारा रंगवली, थोरल्या बहिणीनेही. २०१७ साली बेट्टींच्या ‘अंतारा’ला निसर्गचित्रासाठीचा विन पुरस्कार मिळाला. आपल्या डोळ्यांना तिथे डोंगर-झाडं दिसत नाहीत, दिसतो तो लालभडक रंग आणि पांढरं जाळं. तरीही ते निसर्गचित्रच.

म्हणजे मूल आधी आई-आजीबरोबर त्या मुलखात फिरतं, गाणी ऐकतं, पाणी कुठे लागतं ते शिकतं. रंग नंतर. कुणी कुठली कथा रंगवायची, हे नात्यावरून ठरतं. दुसऱ्या घराण्याची जागा आवडली म्हणून उचलता येत नाही. आपल्याकडे वारली लग्नाचा चौकही परंपरेने सवाशिणींनीच लिहायचा असतो, तेव्हा हे समजायला अवघड नाही.

आणि ते ठिपके! १९७१पासून मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या आदिवासी वस्तीत वडीलधारे विधींतली चित्रं बोर्डावर रंगवू लागले. त्यातलं जे परक्यांनी पाहू नये, ते झाकायला ठिपके वाढत गेले, असं अभ्यासक सांगतात. आपण नेमकं ते झाकणच शिकवतोय.

यंदा शिबिरात मी मुलांना घरच्यांकडून एखादी जागा ऐकून यायला सांगितलं. एकीने आजीच्या माहेरची विहीर काढली. रहाट चुकला होता, तो आजीनेच येऊन दुरुस्त करून दिला. पुढच्या पुरवणीत असं काही छापता येईल का? आणि ठिपके द्यायचेच असतील, तर ते कुणाचे, कुठल्या गावचे, एवढं तरी शेजारी लिहावं.

– एक कलाशिक्षिका, ठाणे