टीबीचा जंतू नेमका कुठला?

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, एवढं आईला आधी वाचून दाखवा. पुढे सगळं जंतूंचंच पुराण आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘टीबी तो टीबी, जंतू कुठला हे शोधून काय हशील?’ हशील आहे, बाबा. खरी मेख आहे पायराझिनामाइड या टीबीवरच्या औषधामध्ये.

ही गोळी पोटात जाते तेव्हा ती जंतूला मारण्याजोगी नसते. जंतूचंच एक विकर (एन्झाइम) तिचं आम्ल करतं आणि तेच त्याला भोवतं. पण गुरांकडून, न तापवलेल्या दुधातून माणसात येणाऱ्या बोव्हिस या टीबीच्याच जंतूत, हे विकर बनवणाऱ्या पीएनसीए जनुकात, १६९व्या जागी डीएनएचं ‘सी’ हे अक्षर नसून ‘जी’ असतं. एका अक्षरापायी विकर निकामी! रुग्ण इमानेइतबारे गोळी घेतो, यकृताला ताप होतो तो होतोच, आणि जंतू ढिम्म. हे वेळीच कळलं तर उपचार सहाऐवजी साधारण नऊ महिने चालवतात.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बोव्हिस आणि माणसातला नेहमीचा ट्यूबरक्युलोसिस जंतू, हे एकाच कुळातले भाऊबंद, वेगळे ओळखू येत नाहीत. डीएनए ९९.९ टक्क्यांहून जास्त सारखा. जीनएक्स्पर्ट ही जनुकीय चाचणी टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, ते सांगते. कुळातला नेमका कोण, ते नाही. बहुतेकांना तेवढं पुरतं, कारण बहुतेकांत ट्यूबरक्युलोसिसच निघतो. शंका असेल तिथे आम्ही जंतूच्या डीएनएतले कुठले तुकडे हरवलेत ते बघतो. आरडी९ नावाचा तुकडा शाबूत असला तर जवळपास नक्की ट्यूबरक्युलोसिस. तो नाही पण आरडी४ आहे, तर पश्चिम आफ्रिकेतला आफ्रिकानम किंवा एखादा दूरचा भाऊ. दोन्ही गायब, तर बोव्हिस. आरडी१सुद्धा नसेल तर लसीतला बीसीजी. जेलवर अतिनील दिवा लावला की पट्ट्या चमकतात. तुकडा असला तर पट्टी एका उंचीवर, नसला तर दुसऱ्या. मला अजूनही ते बघायला आवडतं.

तुम्ही म्हणाल, लसीतला जंतू रुग्णात कशाला येईल? मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी थेट मूत्राशयात सोडतात. क्वचित तो अंगात पसरतो. बोव्हिसपासूनच तयार केलेला, त्यामुळे पायराझिनामाइड त्यालाही लागू पडत नाही. तिथे नुसतं ‘टीबी पॉझिटिव्ह’ लिहून भागत नाही.

याच तुकड्यांनी एक जुना समजही मोडला. माणसाला टीबी गुरांपासून आला असं मानत. पण गळालेला तुकडा जंतूला सहसा परत मिळत नाही, आणि बोव्हिसने गमावलेले तुकडे माणसाच्या जंतूत शाबूत आहेत. मग तो बोव्हिसपासून कसा निघेल? २००२ साली हा हिशेब मांडला गेला. तुम्हाला असले युक्तिवाद आवडतात म्हणून लिहिलं.

बाकी, जनुकीय चाचणीचं उत्तर येईपर्यंत औषधं थांबवत नाहीत, हेही सांगून ठेवते; नाहीतर तुम्ही गल्लीभर भलतंच सांगत सुटाल. आईला नमस्कार.

तुमची लेक